काळं ते जितं

जित्या माणसाच्या आतलं मास मेलेलं असू शकतं, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला म्हणलं असतं, बाबा, तुला ऊन लागलंय, जरा सावलीला बस. पण नांदेडच्या डॉक्टरानं नेमकं तेच सांगितलं, अन् तेबी आमच्या ह्यांच्या तोंडावर.

"पुंजाजी, तुमच्या काळजाची पुढची भिंत हलत नाही," डॉक्टर म्हणला. "एक तर ती मेली आहे, नाही तर झोपली आहे."

आता मेलेलं अन् झोपलेलं ह्यातला फरक बारक्या लेकराला बी कळतो. हाक मारायची. उठलं तर झोपलेलं. पण काळजाला हाक कशी मारायची? मी तसं इचारलं बी. एखादी गोष्ट कळली न्हाई की माझ्या पोटात दुखतं, मंग समोर डॉक्टर असो का कलेक्टर.

"मावशी, तोच तर प्रश्न आहे," डॉक्टर म्हणला, अन् कागदावर काळीज काढून दाखवाय लागला. अटॅक आला म्हणजे रक्त नेणारी नळी बुजली. त्या नळीवर जगणारं मास उपाशी पडलं. त्यातलं काही मरून जातं. काही मात्र थेंब थेंब रक्तावर जीव धरून गप पडून राहतं, काम करत न्हाई, पण मरत बी न्हाई. असं झोपलेलं असलं तर बायपास करायचा, नवी नळी जोडायची, मंग ते उठून कामाला लागतं. मेलेलं असलं तर पूर्णा नदी वळवून आणली तरी उठायचं न्हाई. छाती फाडून उपेग शून्य, वर जिवाला धोका.

हे खाटेवर पडून ऐकत होते. म्हणले, "झोपलं असल तर कापा. मेलं असल तर मला घरी न्या. फुकटची चिरफाड न्हाई."

अन् हे एकदा बोलले की बोलले. धरणाचं दार एखाद वेळ लवकर उघडल, पण ह्यांचं मन न्हाई.

"मंग कळायचं कसं?" मी इचारलं.

"हैदराबादला चुंबकाचं मशीन आहे. एमआरआय. न कापता आतलं दाखवतं. मेलं की झोपलं ते त्यात कळेल."

आता ह्यांचा धंदा सांगते, न्हाई तर पुढचं कळायचं न्हाई. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला आमचं गाव. ह्यांचा धंदा बुडी मारायचा. हिरीत मोटरीचा पाइप सोडलेला असतो, त्याच्या पार तळाला एक झडप असते. तिला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात. काहून म्हणतात ते मला इचारू नका, मी सगळ्यांना इचारून थकले. त्या फुटबॉलात गाळ अडकला, चिंधी अडकली, बेडूक शिरला की पाणी चढत न्हाई. मंग बोलवा पुंजाजीला. वसमतच्या हळदवाल्यांपासून आखाडा बाळापूरपर्यंत ह्यांना बोलावणं यायचं. खाली काळाकुट्ट अंधार, हातानं चाचपत झडप सोडवायची, धुवायची, परत बसवायची, अन् हे सगळं एका श्वासात.

कमरेला दोर बांधायचा. दोराचं वरचं टोक धर्मसिंगभाऊच्या हातात. धर्मसिंगभाऊ पल्याडच्या तांड्यावरचा, बंजारा माणूस. लग्नाअगोदरपासूनची ह्यांची जोडी. दोघांचा नेम असा की दोराला दोन झटके बसले की हातातलं काम टाकून वर यायचं, मंग झडप अर्धी सुटलेली का असंना. अन् झटके बसेपर्यंत वर यायचं न्हाई. खालच्या माणसाला वेळेचं भान राहत न्हाई, त्याला वाटतं आता निघतंय, आता निघतंय, अन् त्या नादात तो जातो. म्हणून वेळ वरच्यानं बघायची. आणखी एक नेम होता. बुडीवाल्याच्या बायकोनं हिरीवर जायचं न्हाई. ती घाबरून लवकर ओढते म्हणे. मला तर ह्यांनी कधी दोराला हात लावू दिला न्हाई, धुवायला बी न्हाई.

तर दोन हजार सातचा उन्हाळा. वसमतकडच्या एका हिरीतून हे वर आले, काठावर बसले अन् म्हणले, "धर्मसिंग, छातीवर कुणीतरी बसलंय." धर्मसिंगभाऊनं ओल्या अंगानिशी जीपमंदी घातलं अन् तडक नांदेड गाठलं. त्यानं तवा येळ घालवला असता तर मी आज हे सांगायला बसले नसते.

ज्योती, आमची लेक, तवा बाळंतीण होती, तिला येता येईना. म्हणून हैदराबादला आमी तिघंच निघालो, हे, मी अन् धर्मसिंगभाऊ. रेल्वेत माझ्या डोक्यात एकच किडा. चुंबक मास कसं बघत असल?

"भाऊ, चुंबक तर लोखंड ओढतो," मी म्हणलं.

"व्हय वैनी. दादाच्या काळजात लोखंड असल," धर्मसिंगभाऊ म्हणला.

"रक्तात असतं बरं. ज्योतीच्या टायमाला नर्सबाईनं मला लाल गोळ्या दिल्या होत्या लोखंडाच्या. मंग ती मशीन समदं रक्त ओढून एका अंगाला नेत असल काय?"

"ए बाई, गप बस," हे खिडकीपाशी बसून म्हणले. "मला इथंच दुसरा अटॅक आणशील."

दवाखान्यात मशीन चालवणारा कादरभाई म्हणून होता. पिकल्या दाढीचा, मोठ्या गोड स्वभावाचा. त्याची बोली बी आमच्यासारखीच, "अम्मा, घबराओ नक्को," म्हणायचा. त्याला मी माझी लोखंडाची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला, पण सांगितलं मात्र बराबर. म्हणला, लोखंड न्हाई अम्मा, पाणी. माणसाच्या अंगात समदीकडं पाणीच हाय. चुंबक त्या पाण्याला हालवतो, अन् हाललेलं पाणी जी खूण देतं तिचं मशीन चित्र काढते.

हे ऐकून आमचे हे पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले. "म्हणजे पाण्याचंच काम हाय व्हय! मंग मला काय भ्या?"

"अन् मेलेलं कसं कळतं?" मी इचारलं.

"दंडात एक औषध सोडायचं," कादरभाई म्हणला. "जिंदा गोश्त में से धुल जाता. मुर्दा में रुक जाता."

हे मात्र मला झटक्यात कळलं. कालव्याखालच्या रानात बगा, चांगल्या जमिनीतून पाणी निचरून जातं अन् चिबड तुकड्यात साचून राहतं. दुरून बघितलं तरी चिबड कुठं हाय ते चमकतं. औषधाचं बी तसंच.

फक्त एक अडचण, तो म्हणला. काळीज सारखं हालतं, छाती बी हालते. म्हणून एकेक फोटो काढताना श्वास धरून राहायचं. कानात मी सांगीन तवा धरायचा, सांगीन तवा सोडायचा.

धर्मसिंगभाऊ मोठ्यानं हसला. "कादरभाई, ह्या माणसाला श्वास धरायला शिकवता? सबंध हिंगोली जिल्ह्यात ह्याच्याएवढा श्वास कुणाला धरता येत न्हाई."

आमाला वाटलं, झालं, हे तर ह्यांच्या डाव्या हाताचं काम. अन् तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

ह्यांना त्या नळकांड्यात सरकवलं. आमी काचेच्या अलीकडं, कादरभाई अन् एक डॉक्टरीण बाई समोरच्या पडद्यावर बघून राहिलेले. मशीन धडधडाय लागली. पहिला फोटो काढला. कादरभाई म्हणला, "सांस छोड़ो." हे काय सोडंनात. परत म्हणला, जरा मोठ्यानं. तरी न्हाई. पडद्यावर नाडीचे ठोके लांब लांब पडाय लागले. डॉक्टरीण बाई उठून उभी राहिली. कादरभाई पळत आत गेला अन् खाट बाहेर ओढली. मी काच बडवून राहिले.

अन् आमचे हे आपले डोळे मिटून निवांत. कादरभाईनं खांदा हालवला तवा श्वास सोडला. "काय झालं?" म्हणले.

"काय झालं? माझ्या जिवाचं पाणी झालं!" मी दारातून ओरडले.

मंग उलगडा झाला. आत अंधार, चारी अंगानं भिंत जवळ, कानात नुसती धडधड. ह्यांना वाटलं आपून हिरीत हाव. म्हणले, "कानात काय काय बोलत होते ते ऐकू आलं की. पण दोर काय हालला न्हाई." अन् बुडीवाल्याची नाडी श्वास धरला की आपोआप मंद होते, ते डॉक्टरीण बाईला कुठं ठाऊक की हा माणूस जनमभर पाण्यात गेलेला हाय.

ह्यांना समजावून परत आत घातलं. आता हे घाबरले. आवाजाकडं ध्यान देऊ देऊ अर्ध्यातच श्वास सोडाय लागले. फोटो समदे पुसट. कधी लवकर सोडायचे, कधी सोडतच नव्हते. औषध तर दंडात कवाच गेलतं. डॉक्टरीण बाई म्हणली, थोड्या वेळात ते समदीकडून धुऊन जाईल, मंग मेलेलं कोणतं अन् जितं कोणतं ते दिसायचं न्हाई. फोटो पुसट आले तर मी खात्रीनं काही सांगू शकणार नाही.

खात्री न्हाई म्हणजे हे छाती उघडू देणार न्हाईत. घरी येऊन पडायचं अन् वाट बघायची.

मी कादरभाईला म्हणलं, "भाऊ, ह्यांना बोलून उपेग न्हाई. ह्यांना दोर पायजे." अन् हिरीची समदी रीत त्याला सांगितली. दुसरा कुणी असता तर मला येड्यात काढलं असतं. त्यानं एकदा डॉक्टरीण बाईकडं बघितलं, कपाट उघडलं अन् पट्टीची गुंडाळी काढली, जखमेला बांधतात ती. "ये चलता? इसमें लोहा नहीं."

पण धरायचा कुणी? धर्मसिंगभाऊ पुढं झाला, तर कादरभाईनं इचारलं, अंगात लोखंड? ट्रॅक्टरखाली सापडून त्याची मांडी मोडली होती, आत दांडा घातलेला. कादरभाईनं कानाला हात लावला. कसला दांडा हाय ते कळल्याबगर चुंबकापाशी न्हाई म्हणजे न्हाई.

मंग समदे माझ्याकडं बघाय लागले.

नर्सनं माझं मंगळसूत्र काढलं, साबण लावून जोडवी ओढली, बांगडीत अडकवलेल्या पिना काढल्या. एक पिन झंपराला होती तीबी काढली. तेवढ्यात धर्मसिंगभाऊनं पट्टीचं टोक माझ्या हातात दिलं.

"दोन झटके, वैनी. लई जोरात न्हाई, लई हळू न्हाई. अन् फोटो सरला की काचेमागून कादरभाई वर केलेला हात खाली घेईल, तो खाली आल्याबगर न्हाई."

"मी लवकर ओढीन, भाऊ. म्हणून तर तुमी लोकं आमाला हिरीवर येऊ देत न्हाई."

धर्मसिंगभाऊ म्हणला, "तसं न्हाई ते. लोकं तसं म्हणतात. खालचा वर आला न्हाई ना वैनी, तर वरचा जनमभर तो दोर धरूनच राहतो. बायकोवर ती पाळी येऊ नये, म्हणून. दादानंच सांगितलंय मला."

मी गप झाले. मी गप झाले म्हणजे काय, ते आमच्या गावाला इचारा.

"अन् तुमच्यावर आली असती तर?"

"मी राहिलो असतो धरून," तो म्हणला.

आतमंदी लई गार होतं. ह्यांचे पाय तेवढे नळकांड्याबाहेर. पट्टी घोट्याला बांधली. टाचांच्या भेगा त्याच, जन्मभर पाण्यानं पांढऱ्या पडलेल्या. मी म्हणलं, "आवं, मी हाय बरं दोरावर. धर्मसिंगभाऊ न्हाई."

आतून आवाज आला, "मेलो मंग."

"मरा की मंग!" मी म्हणलं, अन् हे हसले ते मला पोटाच्या हालण्यावरून कळलं.

काचेपल्याड कादरभाईनं हात वर केला. ह्यांचं पोट फुगलं अन् थांबलं. मशीन सुरू झाली. माझ्या कानात बोळे होते तरी दात हालून राहिले. मला वाटलं झालं असल, अन् मी ओढलं. कादरभाईनं मान हालवली. लवकर झालं. एक फोटो माझ्यापायी गेला. मला माझाच असा राग आला म्हणून सांगू, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी वाटली.

दुसऱ्या वेळी मी ह्यांच्याकडं बघितलंच न्हाई. कादरभाईच्या हाताकडं नजर लावली. हात खाली आला, दोन झटके दिले, अन् ह्यांनी फुस्सकन श्वास सोडला. काचेपल्याड कादरभाईनं अंगठा दाखवला. बराबर! मंग तिसरा. मंग चौथा. हळूहळू माझा हात बसला. माझ्या हातात अन् ह्यांच्या घोट्यात काहीतरी बोलणं चालू हाय असं मला वाटाय लागलं.

शेवटचा फोटो लांबला. का लांबला ते मला ठाऊक न्हाई. हात वर तो वरच. पोट गप. पायाचा अंगठा जरासा थरथरला, अन् मंग तोबी गप. मला लई भ्या वाटलं. त्या मेल्या कादरभाईचा हात खांद्यात अडकला की काय? ओढावं, की न ओढावं? ओढलं तर फोटो गेला, अन् औषध तर धुऊन चाललंय. न ओढलं अन् हे आतच राहिले तर? मी पट्टी अशी आवळून धरली की नखं तळव्यात रुतली. डोळ्यांतून पाणी गळून राहिलं, पण पुसायला हात मोकळा न्हाई. पण मी ओढलं न्हाई.

हात खाली आला. दोन झटके. हे श्वास सोडून खोकले. मी तिथंच फरशीवर बसले.

संध्याकाळी डॉक्टरीण बाईनं आमाला खोलीत बोलावलं अन् चित्र दाखवलं. काळीज मधून आडवं कापल्यावाणी, बांगडीसारखं गोल. बांगडी काळी, अन् तिच्या आतल्या कडेला पुढच्या अंगाला एक पांढरी रेघ.

"पांढरं ते मेलेलं," बाई म्हणली. "काळं ते जिवंत."

"आवं बाई, परत एकदा सांगा," मी म्हणलं.

"काळं ते जिवंत."

"ऐकलं का?" मी ह्यांच्याकडं वळले. "मला बघायला आलते तवा तुमच्या आत्यानं नाक मुरडलं होतं, पोरगी काळी हाय म्हणून. बोलवा तिला."

धर्मसिंगभाऊनं बोटानं ती पांढरी रेघ दाखवली. "बाई, हे एवढंच मेलंय?"

"एवढंच. बाकीची सगळी भिंत झोपलेली आहे. रक्त मिळालं की उठेल. बायपास करा."

मी पदर तोंडात घातला अन् रडले. धर्मसिंगभाऊ खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, अन् उगंच बाहेरच्या गाड्या बघाय लागला. पण आमचे हे खुर्चीत ताठ बसलेले. त्यांचं वेगळंच चालू होतं.

"बाई," हे म्हणले, "मंग पाण्यात कवा जाता येईल?"

"पाण्यात?" बाई म्हणली. "आता कधीच नाही. मेलेला तुकडा लहान असला तरी तिथून ठोका चुकू शकतो. खोलात चुकला तर वर यायला वेळ मिळणार नाही. बाकी सगळं कराल. शेत कराल, चालाल, नातवाला खांद्यावर घ्याल. बुडी बंद."

ह्यांनी त्या चित्राकडं बघितलं, मंग आपल्या हाताकडं बघितलं.

"मंग ते जितं राहून काय करल?" हे म्हणले.

अन् माझं टाळकं सटकलं. समोर डॉक्टर हाय, परगाव हाय, काही म्हणून मला सुचलं न्हाई.

"काय करल? माझ्याजवळ बसल! दुसरं काय करल? आवं, लगीन झाल्यापासून तुमी हिरीत उतरायचे तवा मी घरी चुलीपाशी श्वास धरून बसायची. परत आल्यावर धर्मसिंगभाऊची दारातली हाक ऐकू येईस्तोवर भाकर उलटायची सुद न्हाई मला. किती भाकरी जळल्या, तुमी मला त्यावरून बोलले बी. तुमाला वर काढायला धर्मसिंगभाऊ होता. मला कुणी होतं का? आता बास झालं. मला बी श्वास घेऊ द्या की जरा!"

हे माझ्याकडं वळले. मंग त्यांचा हात आला अन् माझ्या हाताच्या तळव्यावरून फिरला, जिथं नखं रुतली होती तिथं.

"हे तू मला कवा सांगितलं न्हाईस," हे म्हणले.

"तुमी इचारलं कवा?"

हे डॉक्टरीण बाईकडं वळले. "बाई, कापा म्हणावं," ते म्हणले. "कवा कापता?"